चार पंचमांश : कोकणातल्या जमातींच्या कारभाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
श्रीवर्धन-म्हसळ्यापासून राजापूरपर्यंतच्या सगळ्या जमातींचे, म्हणजे गावोगावच्या मुसलमान पंचायतींचे, सदर आणि सेक्रेटरी, मशिदींचे मुतवल्ली, मकतबांचे (धर्मशिक्षणाच्या शाळांचे) मौलाना साहेब, आणि दुबई, दोहा, कुवेत, केपटाऊनला राहून गावच्या जमातीचा हिशेब व्हॉट्सअ‍ॅपवर तपासणारे आमचे भाऊ,

अस्सलामु अलैकुम.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना मी 'गणिताच्या बाई' म्हणून माहीत आहे. खाडीकाठच्या एका हायस्कुलात मी ३१ वर्षं शिकवलं. निवृत्त होऊन पाच पावसाळे झाले. आमच्याकडे जमातीच्या मिटिंगला बायका बसत नाहीत, म्हणून तिथं उठून जे बोलले असते ते इथं लिहिते आहे. पत्र लांबेल. चहा घेऊन बसा.

साधारण वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. सहावीचा वर्ग, अपूर्णांकांचा गुणाकार चालू. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. घर मच्छीमाराचं, आजोबा तांडेल. म्हणाला, "बाई, आमचे आजोबा भरतीची वेळ काढायला तिथीला तीनानं गुणतात आणि चारानं भागतात. ते चुकतंय."

किनाऱ्यावरच्या माणसाला हा हिशेब समजावून सांगायला नको. अष्टमी असेल तर आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. सहाच्या सुमाराला भरती. मुलाचं म्हणणं असं की, अवसेला आणि पुनवेला भरती एकाच वेळी येते, बाराच्या आसपास. म्हणजे पंधरा तिथींत बारा तास पुढे सरकायला हवेत. पण पंधराला तीन चतुर्थांशानं गुणलं तर सव्वाअकराच होतात. मग पाऊण तास गेला कुठं? "चार पंचमांशानं गुणलं तर बरोबर बारा येतात, बाई. म्हणजे दर तिथीला अठ्ठेचाळीस मिनिटं. दोन घटका."

आजोबांचा हिशेब खोटा होता असं नाही. दर्यात पाऊण तासावाचून कुणाचं अडत नाही, आणि तोंडी करायला तीन-चार हे आकडे सोपे. पण अकरा वर्षांच्या पोरानं घरातला पिढीजात आडाखा घेतला, त्याची दोन टोकं जुळतात का ते पाहिलं, जुळत नाहीत म्हटल्यावर स्वतःचा अपूर्णांक शोधला. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

मी घड्याळाकडं बघितलं. चाचणी दोन दिवसांवर होती. म्हणाले, "हे परीक्षेला येत नाही. खाली बस आणि पाचवं उदाहरण सोडव." वर्ग हसला. तो बसला. त्यानंतर चार वर्षं तो माझ्याच शाळेत होता, पण त्यानं मला एकही प्रश्न विचारला नाही. मार्क पंचावन्न ते साठ. अठराव्या वर्षी मामूनं व्हिसा पाठवला, कतारला गेला, गोदामात लागला. घर बांधलं, बहिणींची लग्नं केली, मशिदीच्या लाद्यांना पैसे दिले. गेल्या वर्षी एका लग्नात भेटला. हसत म्हणाला, "बाई, ते चार पंचमांश आठवतं का?" मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

म्हणून हे पत्र आधी माझ्याविरुद्ध आहे, मग तुमच्याविरुद्ध.

आपल्याकडे हुशार मुलांसाठी काहीच होत नाही असं मी म्हणणार नाही. दरवर्षी निकालानंतर हॉलमध्ये सत्कार होतो. शाल, ट्रॉफी, पेन, बिर्याणी. बायकांच्या बाजूला खुर्ची टाकून मीही पंधरा-वीस सत्कार पाहिले. प्रत्येक वेळी कुणीतरी पाहुणा माइकवर सांगतो, "इल्मसाठी चीनपर्यंत जावं लागलं तरी जा." (मौलाना साहेबांना माहीत आहे की मुहद्दिसांनी, म्हणजे हदीसच्या जाणकारांनी, ही रिवायत जईफ (कच्ची) ठरवली आहे. तरी ती स्टेज सोडत नाही.) आणि चीन राहू द्या, त्याच हॉलमध्ये बसलेल्या मुलीला अकरावीसाठी चिपळूणला जायची परवानगी मिळत नसते.

माझी तक्रार सत्काराच्या तारखेबद्दल आहे. दहावीच्या निकालापर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. ज्या मुलात अल्लाहनं काही वेगळं ठेवलंय ते आठव्या-नवव्या वर्षी दिसू लागतं आणि बाराव्या वर्षापर्यंत झाकून ठेवायला ते पोर शिकतं. त्या तीन-चार वर्षांत आपण कुठं असतो?

आपल्या दीनमध्ये (धर्मात) याचं उत्तर नाही असं कुणाला वाटत असेल तर मी काही आठवण करून देते. मी आलिमा नाही. चुकलं तर मौलाना साहेबांनी जरूर दुरुस्त करावं.

बुखारी शरीफ या हदीसच्या संग्रहात आहे की हुजूर (स.), म्हणजे आपले पैगंबर, सहाबांमध्ये, आपल्या सोबत्यांमध्ये, बसले होते आणि त्यांनी कोडं घातलं: असं एक झाड सांगा ज्याची पानं झडत नाहीत आणि जे मोमिनासारखं आहे. मोठमोठी माणसं रानातली झाडं आठवू लागली. अब्दुल्लाह इब्न उमर (र.) तिथं होते, वयानं लहान. त्यांच्या मनात आलं, खजूर. पण हजरत अबू बकर (र.) गप्प, आपले वडील हजरत उमर (र.) गप्प, मग आपण कसं बोलायचं? शेवटी हुजूर (स.)नी स्वतःच उत्तर दिलं: खजूर. नंतर मुलानं वडिलांना सांगितलं, मला येत होतं. हजरत उमर 'बरं केलंस, थोरांपुढं बोलू नये' असं म्हणाले नाहीत. ते म्हणाले, तू बोलला असतास तर मला अमुक-अमुक मिळाल्यापेक्षा जास्त आवडलं असतं.

आपल्याकडे खजूर नाही, माड आहे. बाकी बैठक तीच. थोरले बोलतात, धाकटे चटया उचलतात.

दुसरी हदीसही बुखारीतलीच, आणि मला ती सगळ्यांत प्रिय आहे. अम्र इब्न सलिमा (र.) नावाचा मुलगा. त्याचा कबिला वाटेवरच्या एका पाणवठ्यावर राहायचा. येणारे-जाणारे काफिले तिथं थांबत, मक्का-मदिन्याच्या बातम्या सांगत, कुरआनच्या आयती म्हणून दाखवत. मोठी माणसं ऐकत आणि कामाला लागत. हा पोरगा ऐके आणि पाठ करी. मक्का फतह झाल्यावर वडील मदिन्याला जाऊन आले आणि निरोप घेऊन आले की, ज्याला कुरआन जास्त येतं त्यानं इमामत करावी, पुढं उभं राहून नमाज पढवावी. लोकांनी शोध घेतला. या पोराहून जास्त कुणालाच येत नव्हतं. वय सहा की सात. त्यालाच पुढं उभं केलं.

अंगावर एकच आखूड चादर. सजद्यात गेला की ती वर सरकायची. कबिल्यातली एक बाई म्हणाली, अहो, तुमच्या कारीचं (कुरआन पढणाऱ्याचं) मागचं तरी झाका! मग लोकांनी कापड आणलं, सदरा शिवला. मोठेपणी अम्र सांगत की त्या सदऱ्याइतका आनंद मला कशाचाच झाला नाही.

या गोष्टीत शाळा नाही, परीक्षा नाही. पाणवठा आहे. आपल्याकडच्या बंदरासारखी जागा, जिथं जगभरची माणसं येतात-जातात आणि एखादं पोर कान देऊन उभं असतं. लोकांनी 'शोध घेतला' हे माझ्या दृष्टीनं महत्त्वाचं. हुशारी आपोआप पुढं आली नाही, ती शोधली गेली. आणि ती बाई! तिचं नाव त्या हदीसमध्ये नाही. पण मुलाला पुढं तर उभं केलं, आता त्याला नक्की काय कमी पडतंय, हे तिनं पाहिलं आणि चारचौघांत बोलून दाखवलं. त्यांनी त्याला शाल पांघरली नाही, सदरा शिवून दिला. आपल्याकडे सगळे शालच घेऊन येतात.

जाता जाता: आपण कोकणी शाफई, इमाम शाफईंच्या मसलकाचे, म्हणजे पंथाचे. समज असलेल्या लहान मुलाच्या मागं नमाज पढणं शाफई मसलकात जायज आहे आणि त्याला आधार हीच हदीस आहे. असरची अजान मुंबईच्या हनफी मशिदींपेक्षा आपल्याकडे आधी का होते यावर आपली मुलं तासभर वाद घालू शकतात. मसलकातली ही दुसरी बाजू मात्र कुणी त्यांना सांगत नाही.

झैद इब्न साबित (र.) यांचं उदाहरण तर जमातीसाठीच आहे. हुजूर (स.) मदिन्याला आले तेव्हा झैद अकरा वर्षांचे, वडील वारलेले. त्यांना त्यांच्या माणसांनीच हुजूरांपुढं नेलं: हा आमचा मुलगा, याला दहावर सूरे पाठ आहेत. हुजूर (स.)नी ऐकलं, आवडलं, आणि शाबासकीवर न थांबता काम सांगितलं: यहुद्यांची लिपी शिकून घे. पंधरा दिवसांच्या आत त्यांनी ती शिकली. पुढं हजरत अबू बकर यांच्या काळात कुरआन एकत्र लिहून काढण्याची जबाबदारी याच झैद यांच्यावर आली. मुलाला हाताला धरून नेणारी माणसं होती म्हणून. ते काम जमातीचं.

आता जरा अवघड विषयाकडे येते. रागावू नका.

आपल्या मकतबात कुठलं पोर तल्लख आहे हे सगळ्यांत आधी कुणाला कळतं? शाळेच्या बाईंना नाही. मौलाना साहेबांना. पाच-सहा वर्षांचं मूल रोज त्यांच्यापुढं बसतं. कोण एकदा ऐकून म्हणतं, कोण दहा वेळा ऐकून, हे त्यांना पहिल्या महिन्यात दिसतं. आणि मग काय होतं? पाठांतर चांगलं, म्हणून मुलाला शाळेतून काढून हिफ्जला, म्हणजे अख्खं कुरआन तोंडपाठ करायला, बसवतात. तीन वर्षं, कधी चार. हाफिज होतो, घराची इज्जत वाढते, अल्हम्दुलिल्लाह. मग तो चौदाव्या वर्षी परत सातवीत येतो, बाकावर गुडघे मावत नाहीत, आणि दिवाळीच्या सुट्टीपर्यंत शाळा सोडतो. अशी मुलं मी मोजायची थांबले.

हिफ्जविरुद्ध मी एक शब्द बोलणार नाही. माझा सख्खा भाऊ हाफिज आहे. रमजानच्या तरावीहच्या नमाजला त्याचा आवाज ऐकला की आजही माझं घर उजळतं. माझं म्हणणं एवढंच की हाफिजा (पाठांतर) वेगळा आणि फहम (समज) वेगळा. सूरे अंबियात दाऊद आणि सुलेमान (अलै.) यांचा निवाडा आलाय. कुणाची तरी मेंढरं रात्री दुसऱ्याच्या शेतात शिरली. (भातशेतीच्या गावांना हे भांडण नवीन नाही.) कुरआनचा अर्थ लावणाऱ्या मुफस्सिरांनी सांगितलंय की वडिलांनी निकाल दिला, मेंढरं शेतवाल्याला द्या. मुलगा म्हणाला, शेत पहिल्यासारखं होईपर्यंत मेंढरवाल्यानं शेत कसावं, तोवर दूध-लोकर शेतवाल्यानं घ्यावी, मग ज्याचं त्याला परत. कुरआन म्हणतं: 'आम्ही सुलेमानला ते समजावलं.' आणि लगेच पुढं: 'दोघांनाही आम्ही हिकमत आणि इल्म दिलं होतं.' मुलाची समज एका प्रकरणात बापापुढं गेली, तरी बापाचा मान तसाच. आमच्या घरांत हे वाक्य रोज तिलावत केलं जातं आणि मुलगा एक शब्द उलटा बोलला की थोबाडीत बसते.

चार पंचमांशवाला मुलगा फहमवाला होता. त्याचं पाठांतर सामान्य होतं. मकतबात तो कुणाच्या नजरेत आला नाही, वर्गात आला तर मी त्याला बसवलं. तेव्हा मौलाना साहेबांना माझी अर्जी: मूल पाठ किती करतं हे बघताना ते काय विचारतं हेही बघा. आणि छडी ठेवून द्या. इतिहासकार इब्न खल्दून यांनी 'मुकद्दमा' या ग्रंथात लिहून ठेवलंय की जबरदस्तीनं शिकवलेलं मूल मनानं आक्रसतं आणि मारापासून वाचायला खोटं बोलायला शिकतं. ३१ वर्षांत मला याउलट एकही उदाहरण दिसलं नाही.

मिटिंगमध्ये हा विषय निघाला की एक आक्षेप ठरलेला असतो. "इस्लाममध्ये सगळे बराबर. दोन-चार मुलांवर जमातीचा पैसा कशाला?" आक्षेप घेणारे बहुतेक वेळा चांगली माणसं असतात, म्हणून उत्तर देते. बराबरी इज्जतीत आहे. देणगी सारखी नाही हे खुद्द कुरआनच सांगतं: सूरे अनआमच्या शेवटच्या आयतीत, तुमच्यातल्या काहींना काहींवर दर्जे दिले ते जे दिलंय त्यात तुमची परीक्षा घ्यावी म्हणून. म्हणजे बुद्धी हे बक्षीस नाही, परीक्षेचा पेपर आहे, आणि तो फक्त त्या मुलाचाच नाही. अमानती ज्याच्या त्याला पोचवा, असं सूरे निसामध्ये आहे. पोराच्या डोक्यातली समज ही त्याची अमानत आपल्याकडे पडून आहे.

आणि बोटीवर काय करता? नाखव्याचा मुलगा म्हणून सुकाणू हातात देता का? ज्याला वारा, पाणी, तारे कळतात तो तांडेल. बाकीचे खलाशी त्याच्यापेक्षा कमी माणूस ठरत नाहीत. सगळे एकाच थाळ्यात जेवतात.

पण या आक्षेपात एक खरी भीती दडलेली आहे आणि ती मी मान्य करते. हुशार मुलं निवडायची म्हटली की शेवटी सदरांचा नातू, डॉक्टरांची मुलगी आणि इंग्लिश मीडियमवाले निवडले जातात. यावर सूरे अबसा वाचा. हुजूर (स.) कुरैशच्या सरदारांशी बोलण्यात गुंतले होते, तेवढ्यात अंध इब्न उम्मे मक्तूम (र.) शिकायला आले. हुजूरांच्या कपाळावर आठी पडली, त्यांनी तोंड फिरवलं, आणि त्या आठीवर आयती उतरल्या. जो बेपर्वा आहे त्याच्या मागं तुम्ही लागता, आणि जो धावत तुमच्याकडं आला त्याच्याकडं दुर्लक्ष करता! निवडीची कसोटी इथं लिहून ठेवली आहे. कोण धावत येतं ते बघा. आडनाव बघू नका, आणि दहा मार्कांचा फरकही फार मनावर घेऊ नका.

या विषयावर लिहिणारे लोक तुर्कांच्या एन्देरूनचं नाव घेतात. इस्तंबूलच्या राजवाड्यातली ती शाळा: हुशार मुलं निवडायची, आवडीप्रमाणे कुणाला कारभार, कुणाला खत्ताती (सुलेखन), कुणाला इमारतकाम शिकवायचं. शाळा मोठी होती यात शंका नाही. पण त्यातली पुष्कळ मुलं ख्रिस्ती आईबापांकडून सक्तीनं आणलेली. आईच्या मांडीवरून उचलून आणलेल्या मुलाच्या हुशारीचा मला अभिमान बाळगता येत नाही. आपल्याला त्याची गरजही नाही. आपला इमाम शाफई आहे.

गाझ्यात ७६७ साली जन्म, लहानपणीच बाप गेला, आई त्यांना घेऊन मक्क्याला आली. उस्तादाला द्यायला पैसे नाहीत. पण उस्तादानं पाहिलं की आपण धडा देऊन उठलो की हे पोर बाकीच्या मुलांना तोच धडा समजावून सांगतं. त्यानं फी सोडली. कागद परवडेना म्हणून हाडांवर लिहायचे. सात वर्षांचे असताना कुरआन पाठ झालं आणि कोवळ्या वयात इमाम मालिक यांची मुवत्ता, म्हणजे त्यांचा हदीसग्रंथ. त्या उस्तादाचं नाव आपल्याला ठाऊक नाही, पण आज अख्ख्या कोकणात आपण हात बांधतो आणि आमीन मोठ्यानं म्हणतो त्या मसलकात त्याच्या माफ केलेल्या फीचा वाटा आहे. आणि त्या आईचा. नवऱ्यामागं मुलाला परगावी घेऊन जाणारी, उस्तादाच्या दारात जाऊन उभी राहणारी बाई. आमच्या मोहल्ल्यात ती आली असती तर ओट्यावर तिची चर्चा झाली असती, "एकटी कुठं फिरते?"

मुलींबद्दल वेगळं लिहायला नको होतं, पण लिहावं लागतं. माझ्या वर्गात गणितात पहिल्या पाचांत तीन मुली असायच्या. दहावीनंतर त्या कुठं जात? मक्क्यात करीमा अल-मरवझिया नावाची बाई सहीह बुखारी शिकवायची, अकराव्या शतकात. बगदादचे खतीब यांच्यासारखा विद्वान तिच्याकडून ऐकून गेला. मुलीला शिकवायला दीनची मनाई आहे असं कुणी उघड म्हणत नाही हल्ली. एसटीची वेळ जुळत नाही म्हणतात. मग एसटीच्या वेळेचं बघा ना! आगारात अर्ज द्यायला जमातीचे चार माणसं गेली तर बस अर्धा तास आधी सुटते. एकदा सुटलेली मी पाहिली आहे.

आईबापांसाठी दोन ओळी. मूल हुशार आहे म्हटल्यावर त्याला दिवसभर कोंडू नका. इमाम गजाली यांनी, तेही शाफईच, 'इह्या' या आपल्या ग्रंथात स्पष्ट लिहिलंय की मकतबातून सुटल्यावर मुलाला खेळू द्यावं. खेळ बंद करून सतत शिकायला लावलं तर मन मरतं आणि बुद्धी बोथट होते. उलट एखादं मूल खेळत नसेल तर त्यालाही ओढू नका. सीरियातल्या 'नवा' नावाच्या गावातल्या इमाम नववींना लहानपणी बाकीची मुलं बळंच खेळायला ओढायची आणि ते रडत पळून जायचे. आणि गावभर कौतुक सांगत फिरू नका. हजरत लुकमान यांनी मुलाला सांगितलं होतं, जमिनीवर ताठ्यानं चालू नकोस. आपण मुलाचा व्हिडिओ काढून फॅमिली ग्रुपवर टाकतो आणि मग तो ताठ का चालतो म्हणून विचारतो.

'पण हे गणित-विज्ञान म्हणजे दुनियेचं इल्म' असं अजूनही काही जण म्हणतात. गजालींनीच तिब्ब (वैद्यक) आणि हिशेब यांना फर्जे किफाया, म्हणजे सगळ्या बस्तीवरचं मिळून कर्तव्य, म्हटलंय. बस्तीतल्या कुणीच ते केलं नाही तर सगळी बस्ती गुन्हेगार. त्यांची तक्रार होती की गावागावात मुसलमान वैद्य नाही आणि सगळे फिकहकडेच (धर्मकायद्याकडेच) धावताहेत. नऊशे वर्षांपूर्वीची तक्रार. आपल्या तालुक्यात हाडांच्या डॉक्टरसाठी रत्नागिरीची वाट धरताना मला ती आठवते.

आणि शिकायचं कुणाकडून, यात लाज कसली? मोठा हकीम इब्न सिना लहानपणी हिंदुस्थानी पद्धतीचं अंकगणित शिकला ते एका भाजीवाल्याकडून. बापानं चौकशी केली, कुणाला येतं? भाजीवाल्याला. मग मुलाला तिकडं पाठवलं. पुण्यात बुद्धिमान मुलांच्या शिक्षणाचा विचार करून १९६२ साली ज्ञानप्रबोधिनी सुरू झाली. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातून ऑलिंपियाडची तयारी होते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात विशेष प्रतिभेच्या मुलांसाठी स्वतंत्र परिच्छेद आहेत. आपल्यातलं कुणी या दारांवर जाऊन विचारून आलंय का? मी स्वतःही नोकरीत असताना गेले नाही.

आता मागणी. मोठी संस्था काढा, इमारत बांधा असं मी म्हणत नाही. कोनशिला बसवायला आपल्याला फार आवडतं आणि पुढं तिथं लग्नं लागतात.

प्रत्येक जमातीनं एक माणूस नेमावा, बाई असली तर उत्तम, जो वर्षातून दोनदा मकतबाच्या मौलानांना आणि शाळेच्या शिक्षकांना एकत्र बसवून विचारेल: कुठलं पोर वेगळं विचारतंय? एवढंच. वही घालावी. पाचवीत नवोदयची परीक्षा असते, सहावीला आणि नववीला होमी भाभा बालवैज्ञानिक, आठवीला एनएमएमएस ही शिष्यवृत्तीची परीक्षा. त्यात पास झालं तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, आणि आपली मुलं उत्पन्नाचा दाखला वेळेत न मिळाल्यानं फॉर्मच भरत नाहीत. तहसील कचेरीत कुणाचं काम अडू न देणारे पाच तरी जण प्रत्येक जमातीत आहेत. त्यांनी हे एक काम घ्यावं.

हिफ्जला बसणाऱ्या मुलाची शाळा सुटू देऊ नका. रोज दोन तास गणित-भाषा चालू ठेवता येते. ज्या मदरशांनी ठेवली त्यांचे हाफिज काही कमी पक्के नाहीत.

पैशाचं म्हणाल तर जकातीचे आठ हक्कदार कुरआननं ठरवून दिलेत. गरीब घरचं हुशार मूल त्यात कसं बसतं ते मुफ्ती साहेबांना विचारा, मी फतवा देणार नाही. पण सदका आणि लिल्लाह या खुशीच्या दानाला अशी अट नाही. परदेशातल्या भावांनो, मशिदीच्या लाद्या यंदा आहेत त्याच राहू द्या. त्या पैशात एक चांगला शिक्षक दर शनिवारी रत्नागिरीहून येऊन जाऊ शकतो.

माझ्याकडून जे होईल ते मी सुरू करते आहे. जूनमध्ये शाळा उघडल्यावर दर रविवारी जोहरच्या नमाजनंतर माझ्या पडवीत बसणार आहे. चौथी ते आठवी, मुलगे-मुली दोन्ही, कुठल्याही मोहल्ल्याचे, कुठल्याही धर्माचे. फी नाही. ज्याला मार्क कमी आहेत पण जो फार प्रश्न विचारतो म्हणून तुम्ही वैतागलात, त्याला आधी पाठवा. पहिल्या रविवारी भरतीचा हिशेब घेणार आहे. प्रत्येकानं आदल्या पाच दिवसांत जेटीवर उभं राहून स्वतः पाहिलेली भरतीची वेळ तिथीसह टिपून आणावी. घरच्यांना विचारून लिहिलेली चालणार नाही.

पलीकडच्या वाडीतल्या मुलींना परत जायला रिक्षा लागेल. पहिल्या सहा महिन्यांचं भाडं एकानं कतारहून पाठवलंय. सातव्या महिन्यापासूनचं तुम्ही बघा.

वस्सलाम,
तुमच्या गणिताच्या बाई